समुद्राच्या उशाशी गोड पाणी

माझ्या नातवंडांनो,

तुम्ही दोघांनी मिळून एक जुनी मोटर ट्रॉलर घेतली आणि सुट्टीत तिच्यातून किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडता आहात, हे मला फोनवर कळलं. तुमच्या तक्रारीही मी ऐकल्या. डिझेलचा वास कपड्यांतून जात नाही, वारा पडेपर्यंत बंदरात अडकून राहावं लागतं, चहा ठेवला की पातेलं घसरतं. त्यावर धाकटीने मला विचारलं, "आजी, तू समुद्र कधी पाहिलास तरी का? तुमच्या अकोल्यात तर नदीलासुद्धा पाणी नसतं."

मी तेव्हा नुसती हसले. उत्तर मोठं होतं आणि फोनवर मावणारं नव्हतं. आता लिहिते, कारण मीही एकदा अशाच ट्रॉलरमधून गेले होते आणि त्या बोटीवर जे होते त्यांतली मी एकटीच उरले आहे. मी गेले की हे सांगणारं कोणी राहणार नाही. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून सोपं लिहीन आणि क्रमाने लिहीन.

मी अमरावतीची. तिथल्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. इंग्रजीच्या तासाला आम्ही पानोपानी समुद्र वाचला. लाटा, वादळं, बुडालेली जहाजं, दीपगृहं, सगळं पाठ होतं. शिकवणाऱ्या सरांनीही समुद्र पाहिलेला नव्हता. भरती-ओहोटी समजावताना त्यांनी फळ्यावर एक आडवी रेघ काढली, तिच्या जरा वर दुसरी काढली आणि आमच्याकडे न बघता पान उलटलं. आमचा इलाखा तेव्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. आमच्या सरकारला समुद्रच नव्हता. पुढे राज्यांची नवी मांडणी झाली आणि वऱ्हाड मुंबईला जोडलं गेलं, तेव्हा सरकारच्या वाट्याला एकदम एवढा मोठा समुद्र आला. आम्हाला तो नकाशावरच राहिला.

माझं लग्न झालं ते अंजनगाव सुर्जीच्या खालच्या अंगाला, पूर्णेच्या काठाकडच्या एका गावात. जमीन काळी, कसदार. पण तो सगळा पट्टा खारपाणपट्टा. विहीर खणा, बोअर मारा, पाणी खारंच लागतं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहा फाटतो. प्रत्येक घरात पाण्याच्या दोन जागा असत. एकीकडे तांब्याच्या हंड्यात दुरून बैलबंडीने आणलेलं गोड पाणी, पिण्यापुरतं आणि डाळीपुरतं. दुसरीकडे रांजणात विहिरीचं खारं, बाकी सगळ्या कामांना. लहान पोरसुद्धा चुकून हंड्यात हात घालत नसे. नव्या गावी गेलं की त्या भागातली माणसं आधी घोटभर पाणी पिऊन बघत, मग बोलायला सुरुवात करत.

माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी, अशाच. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. माप ओलांडून आत आले त्या दिवशी त्यांनी मला पेला भरून रांजणातलं पाणी दिलं आणि माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. अमरावतीच्या गोड पाण्यावर वाढलेली मी. पहिल्या घोटाला डोळ्यांत पाणी आलं. पण पेला रिकामा केला. आत्याबाई बायकांकडे वळून म्हणाल्या, "पेते पोरगी. राहीन इथं."

पण ज्याच्याबरोबर राहायचं तो माणूस तिथे नव्हता. तुमचे आजोबा अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात तेलाच्या इंजिनावर शिकून तयार झाले होते. त्या इंजिनाला गार ठेवायला विहिरीचं पाणी घालत, आणि ते खारं. दरवर्षी हंगाम संपला की इंजिनाच्या पोटातून मिठाचे पापुद्रे खरडून काढावे लागत. ते करता करता त्यांना इंजिनांचं वेडच लागलं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मासेमारीच्या बोटींना इंजिनं बसवून देणाऱ्या एका कंपनीत त्यांना नोकरी मिळाली आणि ते रत्नागिरीला गेले. मी आत्याबाईंजवळ राहिले, आजोबांनी जिनात असताना अकोल्यात घेतलेल्या जठारपेठेतल्या दोन खोल्यांत. आत्याबाई मला पाठवायला तयार नव्हत्या.

"नदीले दोन काठ असते," त्या म्हणत. "ज्या पान्याले दुसरा काठच नाही तिथं मानसानं घर कसं कराव? मी सुनेले नाही धाडत."

तुमचे आजोबा दिवाळीला येत आणि परत जात. दोन दिवाळ्या अशा गेल्या. महाराष्ट्र राज्य नुकतं झालेलं होतं. दुसऱ्या दिवाळीला ते धीर करून म्हणाले, "माय, तू एकदा येऊन तर पाह्य."

आत्याबाईंनी सुपातल्या तुरीवरून मान वर केली. "पाह्यीन. सोताच्या डोयानं पाह्यीन. मले पटलं त सून तिथं राहीन. नाही पटलं त तू नोकरी सोडून वापस येशीन. आहे कबूल?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून तुरीतले खडे वेचत होते.

"कबूल," ते म्हणाले.

तेव्हा पोरांनो, लक्षात घ्या, मी समुद्र बघायला निघाले ती सहलीला म्हणून नव्हे. माझा संसार कुठे व्हायचा, किंबहुना व्हायचा की नाही, हे त्या एका फेरीवर ठरणार होतं. आजोबा जिनात परत आले असते तर संसार झाला असता, हे खरं. पण नोकरी सोडून मन मारून परतलेल्या माणसाबरोबर आयुष्य कसं जातं हे मी आमच्या शेजारी पाहत होते.

रेल्वे, मग दुसरी रेल्वे, मग घाटातून उतरणारी एस.टी. वळणावळणांनी आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले होते. एका वळणावर झाडी संपली आणि मला समोर एक निळी भिंत उभी दिसली. आकाशाच्या निम्म्यापर्यंत चढलेली. मला वाटलं, डोंगर आहे. मग त्या भिंतीवर एक पांढरा ठिपका सरकताना दिसला, शिडाचं गलबत. तेव्हा कळलं. इतकं वाचलं होतं, पण समुद्र उंचावरून असा उभा दिसतो हे कोणी लिहिलेलं माझ्या वाचण्यात नव्हतं. मी आत्याबाईंना हलवलं. त्यांनी डोळे उघडले, बराच वेळ बघितलं आणि पदराने तोंड झाकून घेतलं. घाबरून की आणखी कशाने, ते मला कळलं नाही.

कंपनीची एक ट्रॉलर होती. तिच्यात नव्या पद्धतीचं इंजिन बसवलं होतं आणि ते मच्छीमारांना दाखवायला ती बंदरोबंदरी जाई. या खेपेला मालवणला जायचं होतं, आणि मालकांनी कुटुंबाला बरोबर न्यायला परवानगी दिली होती. बोटीवर एक तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, मालवणकडचा पिकल्या मिशांचा माणूस, दोन खलाशी, तुमचे आजोबा आणि आम्ही दोघी.

तुमच्या तक्रारींवर मी हसले ते यासाठी की आमच्याही त्याच होत्या. निघायच्या दिवशी वारा चढला आणि आम्ही बंदरातच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशीही तेच. बोटीवर धड उभं राहता येत नव्हतं, बसायला जागा म्हणजे इंजिनाच्या खोलीचं टप, आणि ते तव्यासारखं तापे. आडोसा म्हणून एक जुनं शीड बांधलं होतं, ते नको त्या वेळी उडे. तिसऱ्या सकाळी निघालो. खाडीचं तोंड ओलांडलं आणि बोट वर गेली, खाली आली, परत वर गेली. मी कठडा धरला आणि पोटात होतं नव्हतं ते समुद्राच्या स्वाधीन केलं. पाठ केलेल्या सगळ्या कविता त्या वेळी माझ्या काही उपयोगाला आल्या नाहीत.

आत्याबाई मात्र मांडी घालून खुशाल बसल्या होत्या. बोट कलली की त्या उलट बाजूला अलगद कलायच्या.

"हे त आपल्या बंडीवानीच हालून राह्यलं," त्या म्हणाल्या. "तू कावून ओकून राह्यली? अमरावतीले पक्क्या सडकेवर वाढली न, म्हनून!"

तांडेल सुकाणूवरून ओरडला, "आजी, तुमी आमच्या खलाशांपेक्षा घट आसात!"

"काय म्हनते तो?" आत्याबाईंनी विचारलं.

"तुम्ही पक्क्या आहात म्हणतो," मी कशीबशी बोलले.

"त्याले म्हनाव, खाचखळग्यात बंडी घालून पाह्य, मग बोल."

आणि मग हळूहळू माझं पोट शांत झालं आणि मला दिसायला लागलं. डावीकडे किनारा सरकत होता. लाल कडे, त्यांच्यावर माड, मधूनच एखादी पांढरी पट्टी. विजयदुर्ग पाण्यातूनच उगवल्यासारखा आला आणि मागे गेला. उजवीकडे काहीही नव्हतं. आमच्याकडे उन्हाळ्यात पेरणीआधी काळं रान असंच क्षितिजापर्यंत मोकळं पडलेलं असतं. मला वाटलं होतं, मोकळं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पण रान कितीही मोठं असलं तरी माणूस त्यावर उभा राहतो. इथे पायाखालचंच सगळं श्वास घेत होतं.

आत्याबाई उजवीकडे बघत नव्हत्या. त्यांनी तोंड डाव्या बाजूलाच ठेवलं होतं, काठाकडे. ते मी पाहिलं आणि माझा धीर खचला.

त्यांना काम मात्र होतं. बोटीवर पिण्याच्या पाण्याचं एक पिंप होतं. घरातली मोठी बाई म्हणून त्यांनी आल्याबरोबर त्याचा ताबा घेतला होता. त्यात बोट बुडवून चव घेतली, "गोड हाय" म्हणाल्या आणि कोण किती पितो यावर नजर ठेवून बसल्या. थोड्या वेळाने आजोबा आले आणि पिंपातून भांडं भरून इंजिनाच्या टाकीत ओतायला निघाले. आत्याबाईंचा विश्वासच बसेना.

"थांब! येवढं गोड पानी मशीनले पाजून राह्यला?"

"माय, याले गोडच लागते."

"लागते मोठं! जिनातल्या इंजिनले काय पाजत होता?"

आजोबा हसून खाली गेले. त्यांनी समजावून सांगायला हवं होतं. या नव्या इंजिनाचं वैशिष्ट्यच ते होतं. त्याच्या पोटात फक्त गोड पाणी फिरे, आणि समुद्राचं खारं पाणी बाहेरच्या नळीतून जाऊन त्या पाण्याला गार करी. म्हणजे आत मीठ साचत नसे. जिनात मिठाचे पापुद्रे खरडणाऱ्या माणसाला या इंजिनाचं एवढं अप्रूप का, ते आता तुम्हाला कळेल.

आत्याबाईंना ते कळायचं काही कारण नव्हतं. त्यांच्या उभ्या आयुष्यात एकच कायदा होता: गोड पाणी माणसाला, खारं पाणी कामाला. पुढे एका खाडीच्या तोंडाजवळून जाताना, आजोबा तांडेलाशी बोलत होते तेव्हा, त्यांनी खलाशाला खूण करून समुद्रातून बादली ओढायला लावली आणि ती इंजिनाच्या टाकीत रिकामी केली. टाकीत रोज पाणी घालायचं असतं हे खलाशाला माहीत होतं. आजीबाई घालताहेत, मुलाने सांगितलं असेल, असं त्याला वाटलं. खाडीचं ते पाणी गढूळ होतं. बारीक वाळू आणि शेवाळासकट ते इंजिनात गेलं. पिंपातलं गोड पाणी वाचलं म्हणून आत्याबाई प्रसन्न होऊन माझ्याजवळ येऊन बसल्या.

तासाभरात टप एवढं तापलं की आम्हाला उठावं लागलं. खालून वाफेचा फुस्कारा आला. आजोबांनी धावत जाऊन इंजिन बंद केलं.

ते वर आले तेव्हा त्यांचा हात गाळाने माखला होता. "माय, काय टाकलं तू याच्यात?"

"पानी."

"कोनतं पानी?"

"समुद्राचं. येवढं पडलं हाय फुकटचं, त तेच टाकलं." मग मुलाचा चेहरा बघून आवाज उतरला. "कावून? चुकलं काय?"

आजोबा फडक्याला हात पुसायला लागले. मला त्यांचं मन दिसत होतं. इंजिन धुऊन काढायला खूप गोड पाणी लागणार, पिंपातलं पुरणार नाही, मालवणला लोक वाट बघताहेत. आणि हे सगळं आईच्या डोळ्यांसमोर, जिला एवढंच बघायचं होतं की ही जागा राहण्यासारखी आहे की नाही. मी मनातल्या मनात जठारपेठेतल्या खोल्या परत झाडायला लागले.

तांडेलाने किनाऱ्याकडे बोट दाखवलं. "त्या टोकापलीकडे पुळण आसा. थय बाव आसा, गोड्या पाण्याची. शीड लावतंय."

"बाव म्हणजे विहीर," मी आत्याबाईंना सांगितलं. "तिथे गोड पाणी आहे म्हणतो."

"समुद्राच्या काठाले गोड विहीर?" त्या कडवट हसल्या. "आपल्याकडं समुद्र नाही त विहिरीत मीठ निंगते. इथं काय गूळ निंगन?"

शीड चढलं. आणि पोरांनो, इथे मला जरा थांबावंसं वाटतं. सकाळपासून इंजिनाची धडधड हाडांत बसली होती. ती गेली आणि जे उरलं त्याला शांतता म्हणावं की आवाज, मला अजून ठरवता आलेलं नाही. पाणी बोटीच्या अंगावरून बोलत जात होतं. दोरी कुरकुरत होती. त्यापलीकडे एक फार मोठं, फार संथ काहीतरी होतं. ऐकू येण्यापेक्षा अंगाला जाणवणारं.  तेवढ्यात उजव्या बाजूला, अगदी जवळ, कोणीतरी खोल श्वास सोडला. माणसासारखा.

आत्याबाईंनी दचकून तिकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं. काळ्या चकचकीत पाठी पाण्यातून निघत होत्या, वळत होत्या, बुडत होत्या. डॉल्फिन होते. बोटीच्या वेगाने, बोटीच्या सोबत. त्यांतलं एक पिल्लू आईच्या बरगडीला चिकटून तिच्याबरोबरच वर येई आणि तिच्याबरोबरच श्वास घेई.

"लेकरू हाय तिचं," आत्याबाई हळूच म्हणाल्या. "येवढ्या पान्यात लेकरू घेऊन फिरून राह्यली." त्यांनी पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडले. ते दिसेनासे झाल्यावरही त्यांनी तोंड काठाकडे वळवलं नाही.

टोकाआड लहानशी पुळण होती, म्हणजे वाळूचा किनारा. बोटीला बांधलेल्या लहान होडीतून उतरलो. वाळू संपते तिथे उंडीच्या झाडाखाली जांभ्या दगडाने बांधलेली विहीर होती. भरतीच्या लाटेचा फेस तिच्यापासून हाकेच्या अंतरावर येऊन विरत होता. एक म्हातारी कळशी भरत होती.

"खयसून इलात?" तिने विचारलं.

"अकोल्याहून," मी म्हणाले.

"ता खय इला?"

आत्याबाईंना सूर कळला असावा. "जिथं समुद्र नाही, पन पानी खारं हाय, तिथं," त्या म्हणाल्या.

म्हातारी खळखळून हसली. "मगे थय मीठ तरी फुकट गावता काय?" आणि तिने कळशी पुढे केली.

आत्याबाईंनी ओंजळ धरली. सवयीप्रमाणे आधी एक लहानसा घोट, जिभेवर फिरवून. मग थांबल्या. समुद्राकडे पाहिलं. पुन्हा घोट घेतला. मग विहिरीत वाकून पाहिलं, कठड्याला हात लावून चालत एक फेरी मारली, आणि परत येऊन उरलेली ओंजळ पिऊन टाकली. 

"सूनबाई, तू पे."

मी प्यायले. अमरावतीच्या माझ्या माहेरच्या पाण्याहून गोड.

"हे कसं होते?" त्यांनी मला विचारलं. "तू शिकलेली हायेस न?"

"मला नाही माहीत, आत्याबाई." आज त्याचं कारण मला पुस्तकातून माहीत आहे. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं म्हणून त्याच्या वर राहतं. कारण कळलं म्हणून माझं आश्चर्य काही कमी झालेलं नाही.

"येवढा समुद्र उशाशी आणि त्याचा एक थेंब आत नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग पदर कमरेला खोचला, म्हातारीच्या हातातला दोर घेतला आणि पाणी ओढायला लागल्या. कळशीमागून कळशी. खलाशी होडीने नेत होते, आजोबा इंजिनातून गाळ काढत होते. ते दमून सांगायला आले, "माय, पुरे झालं."

"मशीनले पोटभर पाज," त्या म्हणाल्या. "इथं कमी नाही."

निघताना ओल्या वाळूत उभ्या राहून त्यांनी निकाल दिला. आजोबांकडे बघून नाही, माझ्याकडे बघून.

"दुसरा काठ नाही दिसत, हे खरं. पन मानसाची सोय केली हाय इथं. तू राह्य." आणि मग लगेच, कारण त्यांना फार मऊ बोलवत नसे, "बोटीत मातर चढू नको. ओकतं नुसती."

मालवणला आम्ही उशिरा पोचलो. इंजिन चाललं. लोकांना ते आवडलं. मी रत्नागिरीला राहिले, तुमचे बाबा तिथेच जन्मले; आम्ही अकोल्याला परतलो ते खूप नंतर, पण तुमच्या जन्माआधी. आत्याबाई दर हिवाळ्यात येत आणि जाताना त्या विहिरीचं पाणी मागवून नेत. जठारपेठेत त्या पाण्यात डाळ शिजवत आणि शेजारणींना वाढून सांगत, "समुद्रातलं हाय." कोणी मानत नसे.

ती ट्रॉलर भंगारात गेली. जिन बंद पडलं. जठारपेठेतल्या खोल्यांच्या जागी दुकानं झाली. विहीर आहे. तुमचे बाबा मागच्या वर्षी जाऊन पाणी पिऊन आले. ते अजून गोड आहे.